अजानच्या आधीची वीस मिनिटं

गेल्या रमजानात माझी बायको महरज़िया शोरब्याचं भांडं घेऊन समोरच्या घरी, तिच्या बहिणीकडे निघाली होती. रस्ता अकरा पावलांचा. मधोमध पोचली तोच एका व्हॅनने तिला उडवलं. व्हॅन थांबली नाही. खुब्याचं हाड पुढे जुळून आलं, काठी घेऊन ती घरभर फिरू लागली. पण वर्षभरात तिने रस्त्यावर पाऊल टाकलं नाही. तिची बहीण सल्हा रोज इकडे यायची, आणि प्रत्येक वेळी महरज़िया म्हणायची, "एकदा तरी तुझ्या स्वयंपाकघरात बसायचंय गं मला."

चौतीस वर्षं मी शाळेच्या ग्रंथालयात काढली. मला भांडता येत नाही, अर्ज तेवढा लिहिता येतो. आमच्या गल्लीत ताशी तीसची मर्यादा घालावी, तशी पाटी लावावी, असा अर्ज मी नगरपालिकेला लिहिला. सह्या मात्र माझ्या साडूने, मुन्सिफने आणल्या. मी दारं वाजवायला लाजतो, तो लाजत नाही. दोन दिवसांत एकसष्ट सह्या. पहिली त्याचीच.

सोबत पुरावा हवा म्हणून मी विजेच्या दोन खांबांमधलं अंतर मोजलं. साठ मीटर भरलं. मग यंदाच्या रमजानचा पहिला आठवडा खिडकीत घड्याळ घेऊन बसलो. साडेतीन सेकंदांत गेली ती गाडी ताशी साठच्या वर. तिचा नंबर आणि वेळ वहीत. आपण हे नीट करतोय की नुसता वेळ घालवतोय, हे मला एकदाही ठरवता आलं नाही.

नगरपालिकेतल्या मादाम रौदांनी वही शांतपणे वाचली. मला सगळे 'सी', म्हणजे 'साहेब', लावूनच बोलतात; त्याही तशाच बोलल्या.

"सी तिजानी, काम छान केलंत. पण एक सांगा, जोरात गेलेल्या बहुतेक गाड्या संध्याकाळच्या अजानच्या आधी वीस मिनिटांतल्याच कशा?"

"घरी जायची घाई असते लोकांना."

"कुणाच्या घरी? हे नंबर बघा. रोज तेच. बाहेरचा माणूस रोज ठरल्या वेळी तुमच्या गल्लीत कशाला येईल? अर्ज मी समितीपुढे ठेवते. पण या गाड्या कुणाच्या, ते एकदा बघा."

मी बघितलंच नव्हतं. घड्याळ बघितलं, नंबर बघितला. आत कोण बसलंय तिकडे नजरच गेली नाही. असली चूक माझ्याच हातून व्हायची.

घरी येऊन वही महरज़ियाला दिली. तिने चष्मा लावला.

"हा बेकरीवाल्याचा जावई. ही त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची. आणि हा," ती थांबली, "हा आपल्या मुन्सिफचा. तीन पूर्णांक एक. म्हणजे किती?"

"सत्तरच्या आसपास."

त्या संध्याकाळी सल्हा आणि मुन्सिफ आमच्याकडे उपास सोडायला आले. जेवण मी होऊ दिलं. मग त्याच्या नंबरचं पान उघडून वही त्याच्यापुढे ठेवली.

"हे काय, माझी परीक्षा घेतोयस?" मुन्सिफ हसला. मग त्याने वाचलं. "अरे, तू घरात पुस्तक धरून उपास करतोस, सी तिजानी! मी दिवसभर बंदरावर उन्हात असतो. आणि उशीर झाला की तुझी मेहुणी तोंड फुगवते."

"मी?" सल्हा म्हणाली.

"तू नाही तर कोण! ब्रिक गार झाली, ब्रिक गार झाली. अजानच्या ठोक्याला ती अंडं भरलेली पुरी तळून ताटात ठेवतेस. माणसाने उडत यायचं?"

"म्हणजे माझ्या ब्रिकसाठी तू माझ्या बहिणीच्या दारावरून सत्तरने जातोस?"

मुन्सिफने ग्लास उचलला. तो रिकामा होता.

महरज़िया सावकाश म्हणाली, "सगळ्या घरांत तेच चाललंय, सल्हा. अजानला ताटात गरम पडावं म्हणून आपण सगळ्याजणी आधीच कढई ठेवतो."

दुसऱ्या दिवशी पावाच्या रांगेत सल्हाचं बाकीच्या बायकांशी काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. मला एवढंच कळलं की, गल्लीतल्या बायकांनी ठरवलं: अजान झाली की खजूर आणि पाणी, मग नमाज, आणि त्यानंतर तेल तापवायचं. गाडीत असाल तर खजूर गाडीतच खा. लवकर येईल त्यालाही गरम काही मिळणार नाही.

"बायकांचं राज्य आलं," मुन्सिफ म्हणाला. पण चौथ्या दिवशी तो खांबांमधून आठ सेकंदांत गेला. सगळेच काही सुधारले नाहीत. डॉक्टरीणबाई अजूनही चार सेकंदांच्या आत होत्या. समितीची बैठक ईदनंतर ठेवली होती.

चोविसाव्या रोजाला महरज़ियाने चपला घातल्या.

"चल," ती म्हणाली.

आम्ही दाराबाहेर उभे राहिलो. अजान नुकतीच संपली होती. कोपऱ्यावरून मुन्सिफची गाडी वळली. तिने माझा दंड घट्ट धरला.

"तो जाऊ दे आधी."

तो गेला नाही. आमच्यासमोर येऊन थांबला आणि गाडी बंद करून खाली उतरला. एक गाल खजुराने फुगलेला.

"ताई, ही घ्या किल्ली हातात. मग तर झालं?"

तिने किल्ली घेतली. रस्त्याच्या मधोमध एकदा ती थांबली. मग ती पुढे निघाली आणि पलीकडच्या पायरीवर चढली. सल्हा दारातच रडायला लागली.

"रडू नकोस, तेल ठेव," महरज़िया म्हणाली.

"किल्ली द्या आता, गाडी लावतो बाजूला," मुन्सिफ म्हणाला.

"थांब. मला परतही जायचंय."

म्हणून गाडी रस्त्याच्या मधोमध तशीच राहिली. आम्ही ब्रिक खात असताना बाहेर हॉर्न वाजू लागले. मुन्सिफ उठला, दारात गेला आणि ओरडला, "जरा दम धरा! कुणाच्या घरी काही तळून झालेलं नाही अजून!"

हे नियमात बसतं की नाही, मला माहीत नाही. मी दुसरी ब्रिक घेतली.