बैलाच्या हृदयाचे तीन कप्पे

मी एक सुरी बोलतेय, आणि रागाने बोलतेय. गोड शब्दांची अपेक्षा ठेवू नका.

खल्किसच्या लोहाराने मला घडवलं ते मासे चिरायला. पुढे लेस्बोस बेटाच्या खाडीवर एका कोळ्याकडून प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या एका तत्त्वज्ञाने, म्हणजे आमच्या गुरुजींनी, मला घेतलं. तिथे मी काय काय नाही चिरलं! माकूळ, खेकडे, पिल्लू कसं वाढतं ते पाहायला कोंबडीचं रोज एक अंडं. गुरुजी कोळ्यांना शेजारी बसवून विचारायचे, स्वतःचे हात घाण करून घ्यायचे आणि दिसेल ते लिहायचे. उद्या वेगळं दिसलं तर माझं लिहिलेलं खोडा, असं शिष्यांना बजावायचे.

एकदा मात्र ते चुकले. बैलाच्या हृदयात तीन कप्पे असतात, असं लिहून बसले. मी त्यांच्या हातातच होते, पण मला तोंड कुठे होतं? माणसाची नजर चुकते कधीकधी.

गुरुजी गेले आणि अथेन्सबाहेरच्या त्यांच्या शाळेत मी पेटीत जाऊन पडले. वर्षातून एकदा, त्यांच्या स्मृतिदिनी, मला तेल चोळायचं, हार घालायचा. चिरायला म्हणाल तर साधं अंजीरसुद्धा नाही. ज्या माणसाने उभा जन्म पाहण्यात घालवला, त्याच्या शाळेत नुसती घोकंपट्टी!

यंदाच्या स्मृतिदिनी आर्किप्पोस शिक्षक होणार होता. अकरा वर्षं पोथ्यांच्या नकला करून बिचाऱ्याची बोटं वाकडी झाली होती. उमेदवाराने सगळ्यांसमोर गुरुजींचा एक पाठ म्हणायचा, ही इथली रीत. त्याच्या वाट्याला हृदयाचा पाठ आला. बळीचा बैल समोरच कापलेला. याने मला उचललं, हृदय चिरलं आणि बोट घालून मोजलं. कप्पे चार निघाले. पुन्हा मोजले, तरी चारच.

मुख्य आचार्य थेरोन जवळ आले.

"पाठ म्हण, आर्किप्पोस."

"आचार्य, तुम्हीच बोट घालून बघा ना. चार आहेत."

"पोथीत किती आहेत?"

"तीन. पण गुरुजीच सांगायचे की..."

"गुरुजींपेक्षा शहाणा झालास होय? मग खाटकाच्या दुकानात जाऊन बस. इथे राहायचं असेल तर सांग, किती?"

थेरोनने वाकून पाहिलंसुद्धा नाही. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. आर्किप्पोसच्या मुठीत मी घामाने भिजले होते. समोर त्याची बायको शिक्षकाचा नवा अंगरखा हातात घेऊन उभी होती.

"तीन," तो म्हणाला.

सगळ्यांनी वाहवा केली. मला धुताना तो हळूच पुटपुटला, माफ कर. मेल्या, माझी कसली माफी मागतोस? ज्यांना शिकवणार आहेस त्यांची माग!

आता त्याच्यापुढे वीस जण बसतात. उद्या तेही गावोगाव शाळा काढतील. गुरुजींची चूक सगळे जिवापाड जपतील, त्यांची पाहण्याची सवय मात्र कुणालाच नको. काल एकाने धीर करून विचारलं, "आचार्य, तुम्ही स्वतः पाहिलेत का कप्पे?"

"पाहिलेत ना," आर्किप्पोस म्हणाला, "याच हातांनी चिरून. तीनच आहेत."

वाचणाऱ्यांनो, माझ्या धारेची शपथ आहे तुम्हाला. असं कुणी सांगितलं तर माना डोलावू नका. सुरी मागा.