मधली पाच वर्षं

रविवारी फादर झेंड्याला आशीर्वाद देणार होते, आणि गुरुवारी दुपारी कुनेगुंदाच्या लक्षात आलं की शब्द मावत नाही.

गावच्या अग्निशमन दलाला सव्वाशे वर्षं झाली म्हणून लाल मखमलीचा नवा झेंडा. सभेनं ठराव केला होता, आकडा नको, अक्षरांत हवं. म्हणजे पोलिशमध्ये 'स्तोद्वुज्येस्तोप्येंचोलेत्न्येय'. शंभर, वीस, पाच आणि वर्षं, सगळी एकमेकांच्या खांद्यावर चढून एकाच शब्दात. वेळ कमी म्हणून तिनं डावीकडून शंभर-वीस जरीनं भरायला घेतलं, आणि भावजय इर्मिनानं उजवीकडचं 'वर्षांच्या'. शेवटचा टाका घालून दोघींनी माना वर केल्या, तर मधे तीन अक्षरांची जागा. पाचाच्या 'प्येंचो'ला रोमन लिपीत लागतात सहा.

"मोजलं नव्हतंस?"

"वन्सं, तुम्हीच म्हणालात, अक्षरं भरदार काढ."

"भरदार म्हणाले. गाभण गाईएवढी नाही!"

इतक्यात दलाचा प्रमुख वाल्देमार खसखशीचा केक घेऊन आला. त्यानं बोट ठेवत एकेक तुकडा वाचला, "स्तो... द्वु... ज्ये... स्तो..." मधली फट ओलांडली, "लेत... न्येय. अहो काकू, हाही शब्दच की! एकशेवीस वर्षांच्या. फटीत एक ज्वाळा भरा, काम फत्ते."

"आणि पाच वर्षं?"

"कोण मोजतंय?"

"मी. पहिली पाच वर्षं बंब नव्हता, नुसत्या बादल्या. चौथ्या वर्षी पणजोबा धान्याच्या कोठारात जळून गेले. त्यांना कुठे टाकू, ज्वाळेखाली?"

वाल्देमारनं केक टेबलावर ठेवला आणि टोपी हातात घेतली.

"मग तोडा शब्द. खालच्या ओळीत जागा आहे."

"तोडायचा तर सांध्यावरच. 'वर्षांच्या' खाली न्यायचं, म्हणजे इर्मिनाचं सगळं उसवायचं. मखमल एकदा टोचली की भोकं बुजत नाहीत, माहीत आहे ना?"

माहीत नव्हतं त्याला. इर्मिनाला होतं. चार दिवस पाठ मोडून भरलेली सात अक्षरं. ती उठून खिडकीशी गेली. कुनेगुंदानं कात्री उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. आपलं काम असतं तर आतापर्यंत फाडून टाकलं असतं. दुसऱ्याचं उसवायला हात धजेना.

"द्या इकडे," इर्मिना परत येऊन म्हणाली. "तुम्ही टराटरा ओढाल."

रविवारी चर्चसमोर झेंड्याच्या दांड्यात, रिवाजाप्रमाणे, एकेकानं आपला मानाचा खिळा ठोकला. कुनेगुंदाचा वाकडा गेला. डोक्यावर ऊन असं लख्ख, की पहिल्या ओळीच्या शेवटी जिथं नवी अक्षरं पुरली नव्हती, तिथली भोकं लांबून दिसत होती.

"तिथे काय लिहिलं होतं हो?" कुणी तरी विचारलंच.

कुनेगुंदानं ओठ आवळले. तिच्याआधी इर्मिनाच फिरली.

"खाली लिहिलंय. वाचता येतंय ना? मग गप्प वाचा."