सावलीशिवायचं गाणं

धाकटीच्या गाण्यात मी कुठे असते, हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. स्टुडिओत मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा आवाज मधल्या पट्टीत भरदार आणि गोड, पण वर जायला लागला की पातळ होतो. म्हणून अगदी पहिल्या गाण्यापासून एक रीत पडली. वरची जागा आली की मी तिच्या मागे उभी राहून तिच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायचा आणि तोच स्वर हलकेच लावायचा. ऐकणाऱ्याला आवाज एकच वाटला पाहिजे. रेकॉर्डिस्ट या माझ्या आवाजाला 'सावली' म्हणायचा. पुढे मलाच सगळे सावली म्हणू लागले. सावली आली का, सावलीचा चहा झाला का, असं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. घरातली मोठी बहीण नाहीतरी दुसरं काय करत असते.

माझा एक नेम आहे. सकाळी उठून दिवा लावायचा, देवापुढे एक गाणं म्हणायचं, आणि ते होईपर्यंत कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. दिवसातला पहिला आवाज त्याचा, उरलेला जगाने वाटून घ्यावा. धाकटी म्हणायची, तुझ्या देवाने बरं आगाऊ बुकिंग करून ठेवलंय, आमच्या मॅनेजरलाही जमलं नाही ते.

ती हे म्हणायची तेव्हा हसायची. अलीकडे हसणं कमी झालं होतं. गावामागून गाव, हॉटेलच्या खोल्या, गरम पाण्याची वाफ, गळ्याभोवती पंचा. रात्री झोप नाही आणि दुपारी डोळे उघडत नाहीत. ताट समोर घेऊन बसायची आणि घास हातातच राहायचा.

त्यात चाहते. त्यांचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही, पण त्या प्रेमाला दाराची कडी माहीत नव्हती. दाताच्या डॉक्टरांकडे जायची वेळ त्यांना आमच्याआधी कळायची. एकीने गर्दीत धाकटीच्या खांद्यावर पडलेला केस उचलून डबीत ठेवला होता, आणि तो तिने मला डोळ्यांत पाणी आणून दाखवला. गाताना धाकटीने नेहमीच्या जागी श्वास घेतला नाही तर त्यावर आठवडाभर वाद चालायचा. एकदा तिने केस कापले, तर चाहता मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचा मला फोन. आम्हाला विश्वासात घ्यायला हवं होतं, म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, मलाही घेतलं नव्हतं. त्यांना ते पटलं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी धाकटीने रात्री काय जेवावं ते कळवलं.

अशात कंपनीने ते यंत्र पुढे केलं. मॅनेजर घरी आला, सोफ्याच्या टोकावर बसला आणि आईच्या प्रकृतीची चौकशी करून मग मुद्द्यावर आला. यंत्र धाकटीचा आवाज शिकेल. मग नवी गाणी तेच म्हणेल. चाहत्यांनी आपले शब्द लिहून दिले तर तेही तिच्या आवाजात म्हणून दाखवेल, वाढदिवसाला, लग्नाला, मांजर मेलं तर त्यालाही. धाकटीने हवं तेव्हा गावं, नको तेव्हा गाऊ नये. मॅडम झोपल्या तरी गाणं चालू राहील, असं तो म्हणाला. धाकटीने त्यातलं 'झोपल्या' एवढंच ऐकलं असावं. "खरंच?" तिने विचारलं, लहानपणी शाळेला सुट्टी आहे म्हटल्यावर विचारायची तसं.

तिने होकार दिला. मीही मान हलवली. बहिणीला झोप मिळत असेल तर यंत्राशी माझं काय वैर.

यंत्राला शिकवायचं काम रेकॉर्डिस्टकडे आलं. त्याने आमची जुनी गाणी काढली, वाद्यं वगळली आणि राहिलेला आवाज यंत्राला ऐकवला. राहिलेल्या आवाजात दोघी होतो. माणूस बारकाईचा, कधी कुठे चूक न करणारा, पण इतकी वर्षं दोन आवाज एक म्हणून ऐकल्यावर ते दोन आहेत हे त्याच्याही ध्यानात राहिलं नाही. मला सावली म्हणता म्हणता मी निराळी बाई आहे हे तो विसरला. मी त्याला दोष देत नाही. सावली वेगळी मोजायची कुणाला सवय असते?

मग कंपनीने एक गंमत काढली. एकच नवं गाणं दोनदा तयार केलं. एक यंत्राने म्हटलेलं, एक धाकटीने स्वतः म्हटलेलं. चाहत्यांनी खरं कुठलं ते ओळखायचं. धाकटीच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी मी आईला घेऊन इस्पितळात होते. ती म्हणाली, राहू दे ताई, एकाच गाण्याचा तर प्रश्न आहे, मी म्हणते एकटी. आणि म्हटलंन. छान म्हटलं होतं. वरच्या जागेला आवाज जरा कापतो, पण तो तिचाच आहे, एखाद्या माणसाचा असतो तसा.

चाहत्यांनी जवळजवळ एकमुखाने यंत्राचं गाणं खरं ठरवलं.

दुसऱ्या, म्हणजे तिने स्वतः म्हटलेल्या गाण्याबद्दल जे लिहिलं ते मी तिला वाचू दिलं नाही, पण तिने वाचलं. निर्जीव आहे. नक्कल करायचा केविलवाणा प्रयत्न आहे. यंत्राला अजून श्वास जमत नाही. अध्यक्षीणबाईंनी तर लिहिलं की आम्ही तिला डोळे मिटून लाखांत ओळखू, हे दुसरं कुणी आमच्यापुढे टाकायचं धाडस करू नये.

धाकटी उठली. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, चला, यंत्र चांगलं झालंय म्हणायचं.

त्यानंतर मॅनेजर मला एकटीला भेटला. कंपनीच्या वकिलाच्या कानावर कुणीतरी घातलं होतं की यंत्राच्या आवाजात दुसरी एक बाई आहे. माझी संमती लागणार होती. मॅनेजर अगदी हळू आवाजात बोलत होता, आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसा. ताई, तुमच्याशिवाय तो आवाज उभाच राहत नाही हो. तुम्ही हो म्हटलंत तर मॅडमना हवी तेवढी विश्रांती. नाही म्हटलंत तर पुढचा सगळा दौरा त्यांनाच करावा लागणार. आणि हे त्यांना कळायला नको, उगीच मनाला लावून घेतील.

मी विचार करते म्हटलं. खरं तर विचार फार नव्हता. तिच्यासाठी मी याहून मोठं काहीही दिलं असतं. फक्त एक गोष्ट टोचत होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखीही नव्हती. यंत्र झोपत नाही. मी पहाटे उठेपर्यंत माझ्या आवाजाने कुणाच्या वाढदिवसाची, कुणाच्या मांजराची गाणी म्हणून झालेली असणार. माझा आवाज माझ्याआधी उठणार. मग देवापुढे बसून मी त्याला पहिलं काय देणार? पण म्हटलं, देव समजून घेईल. नाहीतरी त्याला काय कमी आहे. बहिणीला झोप कमी आहे.

होकार कळवायच्या आदल्या दिवशी धाकटीने मला भाजी निवडताना गाठलं. समोर बसली, चार शेंगा सोलल्या, सकाळी यंत्राचं गाणं पुन्हा ऐकलं म्हणाली आणि विचारलं, "ताई, त्या यंत्रात तू आहेस का ग?"

मी खोटं बोलत नाही. सांगितलं.

तिला रडू येईल असं वाटलं होतं. ती नुसती शेंगा सोलत राहिली. "म्हणजे मी एकटी खोटी," ती म्हणाली, "आणि तू असलीस की मी खरी."

मी म्हटलं, लोकांना सवयीचं तेच खरं वाटतं, त्यात तुझं काही उणं नाही. ती म्हणाली, मला समजावू नकोस, मी सकाळपासून स्वतःला तेच समजावतेय आणि मला ते पटलेलं नाही. मग म्हणाली, तू होकार दिलास तर मी झोपेन हे खरं. पण उठेन तेव्हा माझ्यासाठी जागा राहिलेली नसेल. तिथे आपण दोघी गात असू आणि मी दाराबाहेर.

मी भाजी धुवायला उठले. पाठीमागून ती म्हणाली, "उद्याच्या कार्यक्रमात तू सावली द्यायची नाहीस. मला एकदा बघू दे."

तो कार्यक्रम दुपारचा होता, मोकळ्या मैदानात. उन्हाने रंगमंचाची पत्र्याची पायरी चटके देत होती. तिच्या त्या सगळ्यात प्रसिद्ध गाण्याच्या शेवटी वरची जागा येते, लोक तिचीच वाट बघतात. मी नेहमीच्या जागी, तिच्या मागे हातभर अंतरावर उभी राहिले आणि माझा माईक बंद केला. ती वळली तर तिला तो बंद दिसेल असा हातात धरला.

कानातल्या इअरफोनमध्ये तिला नेहमी तिच्या स्वराला लागून माझा स्वर ऐकू येतो. त्या जागेच्या आधी तिने तो ओढून काढला. पुढे सांगत होती, आत इतकं रिकामं वाटायला लागलं की सहन होईना.

तिने श्वास घेतला. सवयीने मीही घेतला आणि तोंड मिटून आत कोंडून ठेवला. तिची मान वर गेली, गळ्याच्या शिरा ताणल्या. आणि त्याच क्षणी सगळं मैदान गायला लागलं. हजारो माणसं हात उंच करून, फोन उंच करून, तीच जागा जिवाच्या आकांताने ओरडत होती. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. तिचं तोंड उघडं दिसत होतं. स्वर ऐकू आला नाही. मी डोळे मिटून कान लावला, तरीही नाही.

लोक खूश होते. अध्यक्षीणबाई पहिल्या रांगेत रडत होत्या.

पडद्यामागे आल्याबरोबर धाकटी ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याकडे गेली. तिथे तर कळायला हवं होतं. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, मॅडम, त्या जागेला आपलं मशीन सूर आपोआप जाग्यावर आणतं, सगळ्यांचंच आणतं. तुमचा होता की आणलेला, मला सांगता नाही यायचं. चांगलं वाजलं एवढं नक्की.

गाडीत ऊन तिच्या मांडीवर पडलं होतं. चेहऱ्यावरचा रंग पुसायचंही तिने मनावर घेतलं नव्हतं. बाहेर लोक काचेवर तळवे ठेवत होते, गाडी इंचाइंचाने सरकत होती.

"लागला होता का ग?" तिने विचारलं.

"मला ऐकू आला नाही," मी म्हटलं.

"मलाही नाही."

मग काचेवर ठेवलेल्या एका तळव्याकडे बघत ती म्हणाली, देऊन टाक ताई तुझा आवाज. मी असले काय, नसले काय, फरक कुणाला कळतोय. मी सही कर म्हणते ना.

तिच्या आवाजात राग असता तर मी बहुधा ऐकलं असतं तिचं. राग नव्हता. सामान खाली ठेवावं तसं ती बोलली होती. आणि मला एकदम दिसलं की मी होकार दिला तर ही झोपणार नाही, नुसती पडून राहील, आणि कुठल्यातरी खोलीत यंत्र आमच्या दोघींच्या आवाजात गात असेल ते ऐकत बसेल.

मी म्हटलं, "थांबायचं असेल तर आपण थांबू. घरी जाऊ. पण तुझ्या जागी काही उभं करून जायचं नाही. माझंही नाही आणि तुझंही नाही."

ती म्हणाली, दौरा मोडला तर ते आपल्याला सोडतील का. म्हटलं, नाही सोडणार, बोलतील, भांडतील, ते मी बघेन. लोक विसरतील, ती म्हणाली. म्हटलं, विसरू देत. तिने डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. रंग माझ्या पदराला लागला.

मी मॅनेजरला फोन लावला. आवाज चढवून बोलणं मला जमत नाही आणि बाहेर लोक धाकटीचं गाणं म्हणत होते. मी सांगितलं, यंत्राला आमच्या दोघींचाही आवाज द्यायचा नाही, आणि आजच्यानंतर कार्यक्रमही होणार नाहीत. तो म्हणाला, ताई, काही ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोला.

मी पुन्हा सांगितलं, तेवढ्याच आवाजात. तो पुन्हा 'काय?' म्हणाला. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, दोघींचाही?