मनगटाला बांधलेली पट्टी

साहेबांना दात सहा होते, चालता येत नव्हतं, बोलता तर त्याहून येत नव्हतं, तरी घरात हुकूम त्यांचाच चालायचा. रात्री तीन-चारदा ते उठायचे, आणि आईच्या अंगावर प्यायल्याशिवाय पुन्हा आडवं होणं त्यांना मंजूर नसायचं. दिवसा मात्र कुस्करलेल्या केळ्याचा चमचा पुढे केला की तोंड असं फिरवायचे, जणू समोर कुणी अर्ज घेऊन उभं आहे. बापानंच त्यांचं नाव साहेब ठेवलं होतं. वर्ष उलटलं तरी वजन वाढेना, तेव्हा डॉक्टरीणबाई काट्याकडे बघून म्हणाल्या, "रात्री पोट भरतं, मग दिवसा भूक कुठून लागणार? रात्रीचं दूध तोडा. आईनं वेगळ्या खोलीत झोपायचं, वडिलांनी बाळाजवळ. उठला की थोपटायचं, कपानं पाणी द्यायचं. आठ-दहा रात्री रडेल, मग विसरेल."

सांगायला काय जातं! पहिल्या रात्री साहेबांनी असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरच्यांनी खुर्ची आपटून निषेध नोंदवला. कठड्याची छोटी खाट बाहेरच्या खोलीत हलवली होती, शेजारी नवऱ्याची गादी. आतल्या खोलीत ती दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती. छाती दगडासारखी झाली होती, गाऊन भिजला होता आणि नवऱ्याचा थकलेला आवाज ऐकू येत होता, "अरे साहेब, ऐका ना... अरे माझ्या राजा..." चार रात्री हेच. पाचव्या रात्री ती पलंगावर पडली आणि वर्षभराची साठलेली झोप एकदम अंगावर आली.

सकाळी उठली तर बाळ तिच्या कुशीत होतं. तिच्या गाऊनची बटणं उघडी होती आणि त्याच्या हनुवटीवर दुधाचा थेंब सुकला होता.

"अरे, तू आणलंस का याला आत?" तिनं बाहेर येऊन विचारलं.

नवरा बुटाची नाडी बांधत होता. "मी? छे. मी मेल्यासारखा झोपलो होतो. तूच नेलं असशील झोपेत."

तिला हसू आलं. आईपण म्हणजे काय काय करायला लावतं, असं वाटलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं, तेव्हा हसू कमी आलं. कारण तिला काहीच आठवत नव्हतं. अंथरुणातून उठल्याचं नाही, दार उघडल्याचं नाही, अंधारात नवऱ्याच्या गादीला वळसा घातल्याचं नाही. एवढं हातपाय झाडणारं पोर कठड्यावरून उचलून आणायचं आणि त्याचा मागमूसही राहू नये?

तिसऱ्यांदा मात्र हसू आलंच नाही. जाग आली तेव्हा बाळ पलंगाच्या अगदी कडेला होतं, आणि त्याच्या तोंडावर उशी होती. तिनं उशी भिरकावली. बाळानं डोळे किलकिले केले, खोकलं, आणि बोट चोखत पुन्हा झोपलं. ती मात्र कितीतरी वेळ त्याच्या नाकाखाली बोट धरून बसली. श्वास येतोय, जातोय, येतोय. ही उशी आपणच ठेवली असणार. दुसरं कोण ठेवणार? आपल्याच हातांनी, झोपेत.

ती ताडपत्र्यांच्या कारखान्यात कामाला होती. ट्रकवर टाकायच्या जाड कापडाला कडेनं दुमड घालायची, कोपऱ्यांना सुती पट्ट्या शिवायच्या, पट्टीला गाठ मारून तिचं शेपूट आत दाबायचं. तिची गाठ वाऱ्यापावसात सुटत नसे. सोडवताना ड्रायव्हर लोक पक्कड घेत आणि वर शिव्याही देत. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं सहज विचारल्यासारखं करून कापणीच्या टेबलावरच्या मावशींना विचारलं, "मावशी, माणूस झोपेत चालतं का हो खरंच?"

"चालतं? अगं, माझा दीर बादली घेऊन चार जिने उतरला होता! रस्त्यात उभा राहून पाणी यायची वाट बघत होता, गाढ झोपेत. पहाटे दूधवाल्यानं आणून सोडला. विचारलं तर आमच्याच अंगावर आला, म्हणे मी कुठे गेलोच नाही."

सगळ्या बायका हसून लोळल्या. तीही हसली. पण मशीनवर बसल्यावर शिवण वाकडी जायला लागली. तिचं घरही चौथ्या मजल्यावर होतं. जिन्याला कठडा होता तो गुडघ्यापर्यंत. बाल्कनीचं दार तर नुसतं ढकललं की उघडायचं. माणूस झोपेत बादली घेऊन जातो, तसं मूल घेऊनही जात असेल. आणि मग बादली जशी कुठेही ठेवून देतो, तसं मूलही ठेवून देत असेल.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. "मला माझीच भीती वाटते रे. मी काहीतरी करून बसेन. त्याच्या तोंडावर उशी होती."

नवरा ताटावरून उठलाच नाही, पण त्याचा घास हातातच राहिला. "उशी?" तो म्हणाला. घास ताटात परत ठेवला. शेवटी म्हणाला, "दमली आहेस तू. होतं असं. काही होणार नाही."

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना त्यानं एक कडी आणली. स्टुलावर चढून बाल्कनीच्या दाराला अगदी वर, तिचा हात सहज पोचणार नाही अशा जागी ती बसवायला लागला. भोकं पाडताना घामाघूम झाला. एक स्क्रू दोनदा हातातून पडला, आणि तिनं तो उचलून दिला तेव्हा त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तिला भरून आलं. किती जपतो हा आपल्याला, असं वाटलं आणि त्याचबरोबर हेही वाटलं की आता हे खरंच आहे. दाराला कडी लागली म्हणजे घरात ज्याच्यापासून जपून राहावं असं माणूस आहे, आणि ते माणूस मी आहे.

त्यानंतर दिवसाही ती बाळाला कडेवर घ्यायला कचरू लागली. आंघोळ घालताना हात थरथरायचे. साहेब हात पसरून पुढे आले की ती त्यांना खाली सतरंजीवर बसवायची आणि समोर बसून खेळवायची. साहेबांना हा कारभार पसंत नव्हता. ते भोकाड पसरायचे.

मग तिनं कारखान्यातून हातभर पट्टी आणली. रात्री बाहेर सामसूम झाली तेव्हा डावं मनगट पलंगाच्या लोखंडी दांडीला बांधलं. एका हातानं आणि दातांनी गाठ आवळली, शेपूट आत दाबलं, ओढून पाहिलं. झोपेत कुणी ही गाठ सोडवणं शक्य नव्हतं. जागेपणीही तिला नखं लावून पाच मिनिटं लागली असती. पहिल्यांदाच तिला जरा धीर आला.

पहाटे तिला जाग आली ती दुधाच्या ओढीनं. बाळ अंगावर पीत होतं, डोळे मिटून, घुटूघुटू आवाज करत. तिनं मान वळवून पाहिलं. मनगट दांडीला तसंच होतं. गाठ तशीच, शेपूट आत दाबलेलं.

क्षणभर तिला जे वाटलं ते सांगण्यासारखं नाही. घरात कुणीतरी आहे, असंच वाटलं. अंधारात दाराच्या फटीकडे बघत ती श्वास रोखून पडून राहिली. मग हळूहळू डोकं चालायला लागलं. या घरात तीन माणसं. एकाला चालता येत नाही. एक बांधलेलं आहे.

"ए," तिनं हाक मारली. आवाज मोठा नव्हता. "जरा आत ये."

नवरा दारात आला. दिवा लावला, आणि लावल्याबरोबर त्याची नजर पट्टीवर गेली. तो तिथेच उभा राहिला.

"सोडव," ती म्हणाली.

तो पलंगापाशी गुडघे टेकून बसला. गाठीशी झटला. त्याची बोटं लोखंडी तरफा ओढायला सरावलेली, ही गाठ काही त्यांना दाद देईना. त्याच्या कपाळावर घाम आला. साहेब पिता पिता थांबून, काय चाललंय, म्हणून बघायला लागले.

"हे कधीपासून?" त्यानं खाली बघूनच विचारलं.

"ते राहू दे. तू कधीपासून?"

तो गाठीशीच खेळत राहिला. मग हात खाली पडले. "पाचव्या रात्रीपासून. तो गप्पच होत नव्हता. तुझ्याजवळ ठेवला की दोन मिनिटांत गप्प. तू एवढी गाढ झोपलेली असायचीस, की कुशीवर वळून त्याला घ्यायचीस, जाग न येता. मला वाटलं, दोघं झोपतायत, मीही झोपतो. सकाळी तू विचारलंस, तेव्हा तोंडून खोटं निघून गेलं. मग ते परत कसं घ्यायचं ते कळेना."

"आणि उशी?"

"तो पडू नये म्हणून मीच कडेला लावली होती." तो म्हणाला. "ती सरकेल, असं मनातही आलं नाही. तू सांगितलंस त्या दिवसापासून मी नीट जेवलेलोही नाही."

"जेवला नाहीस. पण आज परत आणून ठेवलास ना?"

त्यानं पुन्हा गाठीला नखं लावली.

"मला वाटत होतं मला वेड लागलंय," ती म्हणाली. तिला ओरडायचं होतं, पण बाळ छातीशी होतं. "मी माझ्या पोराला कडेवर घेत नव्हते. माझ्या हातांची भीती वाटत होती मला. आणि तू दाराला कडी लावलीस. स्टुलावर चढून, मापं घेऊन, कडी लावलीस! मी स्क्रू उचलून दिला तुला!" आता मात्र तिला रडू फुटलं, आणि साहेबांनीही साथ दिली.

नवरा तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. रडं जरा ओसरल्यावर हळू आवाजात म्हणाला, "वर केबिनमध्ये माझा डोळा लागला होता."

तो बांधकामावरची उंच क्रेन चालवायचा. तिला आधी नीटसं समजलंच नाही.

"चौथी रात्र झाली त्या दिवशी. हुकाला लोखंडी सळ्यांचा भारा होता. वॉकीटॉकीवर कुणीतरी ओरडलं म्हणून जागा झालो. भारा दोन माणसांच्या डोक्यावर लोंबकळत होता. आणखी हातभर खाली गेला असता, तर... सगळ्यांना वाटलं, वाऱ्यामुळे थांबलो. मुकादम म्हणाला, शाबास, सावध आहेस." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "त्या रात्री मला झोप हवी होती. कशीही. एवढंच सुचलं."

तिनं बाळाला जवळ ओढलं. राग गेला नव्हता, तो इतक्यात जाणारही नव्हता. पण त्याच्या शेजारी आता दुसरी भीती येऊन बसली होती, आणि ही तर खरी होती. दोन माणसं, डोक्यावर टोप्या, वर बघतही नाहीत. आणि उंचावर एका काचेच्या खोलीत हा, मान कलंडलेली.

"आज वर चढायचं नाही," ती म्हणाली.

"मुकादमाला काय सांगू?"

"खरं सांग. तुला जमत नसेल तर मी येते आणि सांगते. आणि आता कात्री आण, हात बधिर झालाय."

त्यानं कात्री आणून पट्टी कापली. तिच्या मनगटावर लाल वळ उठला होता. तो त्यावर फुंकर घालायला वाकला, तेव्हा तिनं हात मागे घेतला.

मुकादमानं शिव्या घातल्या, पण कामावरून काढलं नाही. पंधरा दिवस खाली उभं राहून वरच्याला इशारे करायचं काम दिलं. संध्याकाळी नवरा घरी आला तो उन्हानं रापून, आणि आल्या आल्या स्टूल घेऊन कडी काढायला निघाला.

"राहू दे ती," ती म्हणाली. "साहेब उद्या चालायला लागले की लागेलच."

रात्री तिनं दोन्ही अंथरुणं बाहेरच्या खोलीत घातली, साहेबांच्या खाटेपाशी. डॉक्टरीणबाईंचा वेगळ्या खोलीचा नियम तिनं गुंडाळून ठेवला. नवी पट्टी काढली आणि नवऱ्यासमोर बसून म्हणाली, "हात."

"आता कशाला? मी सगळं सांगितलं ना तुला."

"हात दे."

तिनं एक टोक त्याच्या मनगटाला बांधलं, दुसरं आपल्या. दोन्हीकडे गाठ मारली, शेपूट आत दाबलं. "तू उठलास की मला कळलं पाहिजे. विश्वास बसेल तेव्हा सोडीन." त्यानं बांधलेला हात लांब केला. दिवा मालवला. कितीतरी वेळ दोघंही जागेच होते, आणि एकमेकांचं जागेपण पट्टीतून कळत होतं.

साहेब उठले. आधी कुरकुर, मग गर्जना. नवरा उठला, पट्टी ताणली गेली, तीही उठली. अंधारात दोघांची डोकी एकमेकांवर आपटली आणि तो "आई गं" म्हणाला. ती खाटेपाशी आली आणि थबकली. सवयीनं हात मागेच राहिले होते.

"मी घेऊ का?" त्यानं विचारलं.

"नको."

तिनं वाकून बाळाला उचललं. ते तिच्या छातीकडे झेपावलं, गाऊन ओढायला लागलं. तिनं कप त्याच्या ओठांना लावला. त्यानं कप उडवला, पाणी तिघांवर सांडलं. नवऱ्यानं बांधलेल्या हातानंच कप पुन्हा भरला. दुसऱ्यांदाही उडवला. बाळ हातपाय झाडत होतं, पाठीची कमान करून मागे पडत होतं, आणि ती त्याला घट्ट धरून खोलीत फेऱ्या घालत होती, मागे पट्टीच्या टोकाला नवरा. केव्हातरी साहेबांनी दोन घोट पाणी घेतलं, हुंदका दिला आणि तिच्या खांद्यावर डोकं टाकलं.

"झोपला," नवरा कुजबुजला. "दे, ठेवतो."

"थांब जरा," ती म्हणाली. बाळ जड झालं होतं आणि तिचे हात दुखत होते, पण थरथरत नव्हते. "मला घेऊ दे अजून थोडा वेळ."