तिकिनागन कुणाची

माझ्या बहिणीची मुलगी टॅनिस विनिपेगच्या विद्यापीठात मूलनिवासी अध्ययन शिकायला गेली, तेव्हा आमच्या तळ्याकाठच्या मूलनिवासी वस्तीने तिची यथेच्छ टिंगल केली. अॅम्ब्रोज आजोबा तर भर दुकानात म्हणाले, "म्हणजे मासा पोहायची डिग्री घ्यायला निघाला म्हणा की!"

टॅनिसही हसली. पण पुढे काय करणार, हे तिला कधी धड सांगता यायचं नाही. नाताळला आली की म्हणायची, वकील होऊन जमिनीचे खटले लढवीन. उन्हाळ्यात म्हणायची, राजधानीत, ओटावाला, सरकारी खात्यात जाईन. मध्येच शिक्षिका व्हायचं असायचं, मध्येच आरोग्य केंद्रात जायचं असायचं.

"अगं, काहीतरी एक ठरव," मी म्हणायचे.

"मावशी, यातून सगळीकडे जाता येतं, हीच तर पंचाईत आहे."

शेवटच्या वर्षी तिला शहरातल्या एका संग्रहालयात काम मिळालं. तिथे मागच्या खोलीत, फळीवर, तिला एक तिकिनागन दिसली. तान्ह्या बाळाला बांधून पाठीवर घ्यायची आमची लाकडी पाटी. वर काळ्या मखमलीचं आवरण, त्यावर मण्यांची गुलाबी फुलं, आणि शेजारी आमच्या तळ्याचं नाव. कुणाकडून आणली, कशी आणली, याचा पत्ता नाही. टॅनिस वरिष्ठांच्या हात धुऊन मागे लागली आणि ती वस्तू घरी परत द्यायला लावली. मला फोन केला तेव्हा रडत होती. "मावशी, हे सगळं कशासाठी शिकले ते आज कळलं गं."

थंडी पडायला लागली होती, तळं अजून गोठलं नव्हतं. त्या शनिवारी सभागृहात सगळी वस्ती जमली. मूसच्या मटणाचा रस्सा चुलीवर होता, बॅनॉकच्या जाड रोट्या भाजून झाल्या होत्या, ढोल घेऊन पोरं तयार बसली होती. टॅनिस आणि संग्रहालयातली हायडी नावाची बाई, दोघींनी मिळून खोकं आत आणलं. टॅनिसने आमच्याकडचा समारंभाचा नवा रिबनचा स्कर्ट घातला होता. लग्नघरातल्या करवलीसारखी ती सगळीकडे धावत होती.

खोकं उघडलं आणि इथेल आजी उभी राहिली. आमच्यातली सगळ्यांत म्हातारी तीच. तिला धड चालवत नाही, पण त्या दिवशी ती कुणाचा हात न धरता टेबलापर्यंत गेली.

"ही आमच्या घरातली आहे," ती म्हणाली. "माझी थोरली बहीण हिच्यात वाढली. आम्हा पोरांना घरातून उचलून बोर्डिंग शाळेत नेलं ना, त्याच दिवशी सरकारी एजंटने ही भिंतीवरून काढून नेली. मी पाहिलंय."

तेवढ्यात मागून अॅम्ब्रोज आजोबांचा आवाज आला.

"काहीतरीच काय, इथेल! ही माझ्या आईच्या हातची. शहरातून हौसेने मासे धरायला यायचे ना ते पाहुणे, त्यांना विकायला करायची ती. अशा ढीगभर केल्या. हिच्यात पोर कधी झोपलेलंच नाही, कडा बघ की, कशा नव्यासारख्या आहेत!"

"तुझी आई फुलं माझ्या आईकडूनच शिकली, अॅम्ब्रोज."

"नाही, तुझी आई माझ्या आईकडून!"

दोघांनी घरून आपापल्या आईचं मणीकाम मागवलं. टेबलावर मांडलं तर फुलं तीच, पानं तीच, देठाचं वळणसुद्धा तेच. बघणारे आणखीच गोंधळले.

हायडी हळूच म्हणाली, "मग आम्ही ही कोणत्या घराकडे द्यायची?"

सगळी सभा टॅनिसकडे बघायला लागली. अॅम्ब्रोज आजोबा म्हणाले, "सांग ना पोरी. तू शिकली आहेस."

"मला नाही माहीत, आजोबा."

"एवढं शिकून?"

"ओरडू नकोस तिच्यावर," असं म्हणत इथेल आजीने पाटीवर हात ठेवला आणि तिच्यावर गाल टेकवायला वाकली.

"नको! आजी, नको!" टॅनिस केवढ्यानं ओरडली. पुढे होऊन तिने आजीचा हात धरला. मग खाली बघत म्हणाली, "कीड लागू नये म्हणून जुन्या काळी संग्रहालयात अशा वस्तूंवर विष मारायचे. हिच्यावर आहे की नाही, अजून तपासलेलं नाही. हातमोजे घालायला हवे होते. मी सांगणारच होते... जेवण झाल्यावर."

आजीने आपला हात उलटसुलट करून पाहिला. "आमची वस्तू," ती म्हणाली, "विष लावून परत आणलीत?"

मी तिला नळापाशी नेलं, साबणाने हात धुवायला लावले. परत आले तर टॅनिस नव्हती. ती बाहेर होड्यांच्या धक्क्यावर बसली होती.

"वर्गात सगळं सरळ होतं गं मावशी," ती म्हणाली. "गोऱ्यांनी नेलं, आपण परत आणायचं. आता आजोबांचं खरं असेल तर त्यांच्या आईने राजीखुशीने विकलेली वस्तू मी वाजतगाजत आणली. आणि आजीचं खरं असेल तर तिला आधी घरी जाऊन एका शब्दाने न सांगता, सगळ्यांसमोर, रश्शाचा वास सुटलेला असताना, तो दिवस मी तिच्यापुढे ठेवला. मी नक्की काय केलं? याला कोणतं काम म्हणतात?"

तिने कोट आणला नव्हता, म्हणून माझा तिच्या खांद्यावर टाकला.

आत आमच्या प्रमुखबाई वर्लीन सगळ्यांशी बोलत होत्या. शाळेत काचेच्या कपाटात ठेवू म्हटलं, तर इथेल आजी म्हणाली, "पुन्हा काच?" परत पाठवू म्हटलं, तर चक्क अॅम्ब्रोज आजोबाच म्हणाले, "आता पाठवायची नाही. कुणाचीही असो." शेवटी खोकं बंद करून पंचायतीच्या कचेरीत ठेवायचं ठरलं. मग वर्लीन टॅनिसकडे वळल्या. "हे भांडण तू गावात आणलंस. परीक्षा झाली की ये, आणि घराघरात जाऊन ऐकायला बस. पगार देऊ. त्या विषाचं काय करायचं तेही शोध."

ओटावाची नोकरी तिला जवळजवळ मिळालेली होती. आठवडाभर ती रोज फोन करायची. सकाळी हो, संध्याकाळी नाही. मे महिन्यात सामान घेऊन माझ्याच घरी आली. "वर्षभरच हं," म्हणाली.

त्याला दोन वर्षं झाली. तपासणी झाली, तिच्यावर विष असल्याचं निघालं. ते पुरतं जात नाही म्हणतात. तिकिनागन कुणाची, ते ठरलेलं नाही. टॅनिस दुपारी इथेल आजीकडे चहा घेते, मग अॅम्ब्रोज आजोबांकडे. दोघं एकमेकांबद्दल जे सांगतात ते ऐकून मला विचारते, "मावशी, खरं कुणाचं?" मी म्हणते, मला विचारू नकोस. रडायची ती अधूनमधून, अजूनही रडते. पण ओटावाचं नाव काढत नाही.

परवा पलीकडच्या वस्तीतून तिला फोन आला. त्यांच्याकडेही कुठल्याशा शहरातून खोकी येणार आहेत, पहिल्यांदा काय करायचं, असं विचारत होते.

"पहिल्यांदा म्हाताऱ्या माणसांच्या घरी जा," टॅनिस म्हणाली. "खोकं उघडायच्या आधी." मग बराच वेळ ती पलीकडचं ऐकत राहिली. "त्याच्यापुढचं मलाही नीट माहीत नाही. थांबा, मी येते." आणि तिने गाडीची किल्ली शोधायला घेतली.