उशीवरून दिसेल असं घर

दुपारी चारला गाडी बायकोला दवाखान्यातून घेऊन येणार होती आणि बारा वाजले तरी सशांच्या घराला दार नव्हतं. मी धंद्याने सुतार. चाळीस वर्षं लोकांची दारं-खिडक्या करतोय आणि माझ्याच परसात दाराचा पत्ता नाही. बिजागऱ्या उलट्या बसवल्या, काढल्या, पुन्हा बसवल्या. लाकडाचा काही दोष नव्हता, तरी शिव्या मी लाकडालाच घातल्या.

ससे बायकोचे. ढमी आणि ठोंब्या. मला ही जनावरं कधीच आवडली नाहीत. तीन खुर्च्यांचे पाय कुरतडलेत त्यांनी, आणि त्या खुर्च्याही मीच केलेल्या. दोन महिन्यांपूर्वी तिचे उपचार सुरू झाले तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले होते, "उपचार चालू आहेत तोवर घरात जनावर नको. जंतुसंसर्ग झाला तर पंचाईत होईल." त्या दिवसापासून ससे मेहुणीच्या न्हाणीघरात राहायला गेले आणि मी ह्या कामाला लागलो. ती घरी येईल, हळूहळू बरी होईल, ससे परसात राहतील, ती पडल्या पडल्या खिडकीतून बघेल. माझं सगळं ठरलेलं होतं.

आधी नुसती एक पेटी करणार होतो. मग तिच्या एका तपासणीचा निकाल वाईट आला, तेव्हा मी पेटीवर दुसरा मजला चढवला. औषध बदललं, तेव्हा पळायला आठ फुटांचं जाळीचं अंगण जोडलं. ते उकरून पळतील म्हणून तळालाही जाळी ठोकली. तिचं जेवण तुटलं, त्या आठवड्यात छपराला दुहेरी पत्रा घातला. शेजारचा शिंपी कुंपणावरून म्हणाला, "उस्ताद, इथे ससे राहणार की त्यांचा जावई?" एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी त्याच्या अंगावर धावून गेलो.

परवा डॉक्टरांनी मला एकट्याला खोलीबाहेर बोलावलं. "आता घरी न्या," म्हणाले, "आणि त्यांना काय खावंसं वाटतं ते विचारा. जे मागतील ते द्या." मी मान डोलावली. घरी सोडताहेत म्हणजे सुधारणा आहे, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो. खाण्याचं मात्र बायकोला विचारलं नाही. बिनमिठाचं पातळ काय ते डब्यातून नेत होतो, तेच नेत राहिलो. पथ्य म्हणजे पथ्य.

एक वाजता मेहुणी टोपलीत ससे घेऊन आली. बायकोची धाकटी बहीण ती, माझ्यापुढे सहसा तोंड उघडत नाही. आज उघडलं.

"भाऊजी, ह्यांना सरळ ताईजवळच ठेवूया ना."

"डॉक्टर नको म्हणालेत."

"ते तेव्हा म्हणाले होते. आता..."

"आता काय?" मी इतक्या जोरात ओरडलो की टोपलीत ठोंब्याने उडी मारली. "आता काय? बोल ना!"

ती डोळे पुसत आत गेली, पलंगावर धुतलेली चादर घालायला.

दार एकदाचं बसलं. ससे आत सोडले. ढमीने लगेच नव्या कोऱ्या चौकटीला दात लावून बघितले. मी तिला बजावलं, "कुरतड, पण दिसेल अशा जागी बस." मग घरात गेलो आणि खिडकी उघडली. उभ्याने बघितलं, तर सगळं घर डोळ्यांसमोर, दोन्ही ससे, अंगण, कडीसुद्धा. झकास.

मग काय वाटलं कोण जाणे, मी पलंगावर बायको झोपते त्या बाजूला आडवा झालो. सव्वीस वर्षांत त्या बाजूला कधी झोपलो नव्हतो. उशीवर डोकं टेकलं. खिडकीच्या चौकटीवरून दिसत होता फक्त पत्रा, आणि वर आभाळ. ससा एकही नाही.

सगळी मापं मी उभ्याने घेतली होती. आम्ही सुतार मापं उभ्यानेच घेतो, कारण दारातून माणसं चालत जातात. पडलेल्या माणसाचं माप आजवर कुणी मागितलं नव्हतं.

"दोन उशा जास्त देऊ," मेहुणी म्हणाली.

"तिची पाठ वाकते का? वाकते का तिची पाठ?"

दोन वाजले होते. घर उचलून उंच करणं शक्य नव्हतं. पलंग उंच करता आला असता, पण लाकूड संपलेलं. सगळं त्या जनावरांच्या महालात गेलं होतं. मी चारी बाजूंना बघितलं आणि करवत घेऊन माझ्या कामाच्या मेजाकडे गेलो. वडिलांनी केलेलं मेज, त्याच्यावरच मी रंधा मारायला शिकलो. त्याचे चारही पाय कापून ठोकळे केले. प्रत्येक ठोकळ्याला पटाशीने खाच पाडली, पलंग घसरू नये म्हणून. मेहुणी पलंगावर आडवी, मी पलंगाचा एकेक पाय उचलून खाली ठोकळा सारतोय.

"काही दिसतं?"

"नाही."

"आता?"

"कान! भाऊजी, कान दिसले!"

ती हसत होती आणि रडत होती, आणि मी जमिनीवर बसून धापा टाकत होतो.

चारला गाडी आली. दोन माणसांनी तिला उचलून आणलं. एकानेच आणली असती तरी चाललं असतं, इतकी ती हलकी झाली होती. आडवी झाल्यावर तिने आधी इकडेतिकडे बघितलं.

"पलंग उंच झालाय."

"झालाय."

मग तिने खिडकीबाहेर बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

"केवढं मोठं केलंत हो."

"दहा वर्षं हात लावायला नको," मी म्हणालो आणि सुरूच झालो. लाकूड कुजणार नाही. जाळी गंजणार नाही. पत्रा दुहेरी, उन्हाळ्यात तापणार नाही. वरच्या मजल्याला चढण कशी अलगद दिलीय. तिने सगळं ऐकून घेतलं. मला मध्ये तोडायची तिला सवयच नव्हती.

"फार सुंदर झालंय," ती म्हणाली. "आता त्यांना आत आणा."

"अगं, डॉक्टर..."

"परत विचारलंत डॉक्टरांना?"

नव्हतं विचारलं. दोन महिन्यांत एकदाही नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, आता चालेल. त्या दोन शब्दांची मला इतकी भीती होती की त्यापायी मी दोन मजले आणि आठ फुटांचं अंगण बांधत बसलो होतो.

"अहो," ती म्हणाली, "मला त्यांना हात लावायचाय."

मी परसात गेलो. दुपारी बसवलेली कडी काढली. ठोंब्या मुकाट्याने आला, ढमीने मात्र पळापळ करून सगळं अंगण मोजायला लावलं. दोघांना छातीशी धरून आणलं आणि तिच्या कुशीत ठेवलं. ढमी तिची बोटं हुंगत राहिली. तिचा हात ठोंब्याच्या पाठीवरून सावकाश फिरायला लागला.

मी पलंगाच्या कडेवर बसलो. इतका उंच झाला होता तो, की माझे पाय जमिनीला टेकेनात.

"तुला काय खावंसं वाटतंय?" मी तिला विचारलं.