पुसता येणारी नदी

मित्रांनो, कापड म्हणून मोजाल तर मी बराच जुना नकाशा आहे. माझे आधीचे आयुष्य एका होडीच्या शिडात गेले. वाऱ्याने फुगायचे आणि वारा पडला की सुरकुतायचे, एवढेच तेव्हाचे काम. ते शीड मधोमध फाटले, तेव्हा नदीच्या मुखाशी पिढ्यानपिढ्या राहत आलेल्या लोकांनी त्याचा धड उरलेला तुकडा कापून घेतला, खाऱ्या पाण्यात भिजवला आणि दगडांखाली ताणून वाळवला. मग आत्या सुई घेऊन बसली.

आत्या म्हणजे त्या वस्तीची नकाशा राखणारी बाई. ती सगळ्यांची आत्या नव्हती; पण तिच्या सख्ख्या भाच्यांची हाक वस्तीने उचलली आणि ती सर्वांचीच होऊन गेली. ज्या गोष्टी हलत नाहीत, त्या तिने माझ्यावर दोऱ्याने शिवल्या. तीन टेकड्या तपकिरी, गोड्या पाण्याची विहीर निळी. ज्या हलतात, त्या वाहून आलेल्या लाकडाच्या कोळशाने काढल्या. नदी, तिचे फाटे, वाळूचे दांडे, गवताळ उंचवटे यांपैकी कुणालाही दोरा लाभला नाही. "हलणाऱ्याला टाका घालू नये," ती म्हणे, "टाका घातला की आपल्यालाच वाटायला लागतं, ते थांबलंय म्हणून."

दर वर्षी पूर ओसरला की वस्तीतली बारा माणसे काठाने चालत निघत. नऊ दिवसांनी परतत, ती घोट्यापर्यंत चिखल आणि डोक्यात नवी नदी घेऊन. त्याआधी आत्या ओल्या फडक्याने जुनी नदी पुसून टाकी. मित्रांनो, पुसणे आणि काढणे यांमधली ती एक संध्याकाळ मला फार प्रिय होती. अंगावर टेकड्या असत, विहीर असे. आणि त्यांच्यामध्ये पाणी कुठूनही येऊ शकेल अशी एक मोठी, राखाडी, श्वास रोखून धरलेली जागा.

मग माझ्याभोवती भांडणे रंगत.

"वळण चाळीस पावलं सरकलंय," आत्याची भावजय सांगे.

"तीस," तिचा नवरा म्हणे.

"तुमची ढांग बघा आधी! उंटाला सगळंच जवळ."

"आणि तू मैनेसारखी टुणटुणत चाललीस, त्याचं काय?"

"बरं, पस्तीस काढते," आत्या हसू दाबत म्हणे. "संसार टिकला पाहिजे, नदीचं काय, ती बघून घेईल."

अशा पस्तीस पावलांच्या तडजोडींनी मी घडलो. माझ्याकडे पाहून होड्या सुटत, माझ्याकडे पाहून घरे हलत. पुरात माझ्यामुळे किती जण वाचले हे मी सांगू लागलो तर ती बढाई ठरेल. एवढेच म्हणतो की त्या वर्षांत माझ्यावर कुणी स्तुतीची फुले उधळली नाहीत आणि मला त्यांची उणीवही भासली नाही.

एके दिवशी समन्वयक बाई आल्या. शहरातल्या एका कार्यालयात त्या काम करत. बदलत्या हवामानात तग धरता यावा म्हणून दोन देशांतल्या आदिवासी समाजांची भागीदारी जुळवण्याचे काम त्यांच्याकडे होते. एका बाजूला हे नदीमुखाचे लोक, ज्यांची जमीन पाणी नेत होते. दुसऱ्या बाजूला समुद्रापलीकडचे कळप पाळणारे लोक, ज्यांच्या पायाखालचे बर्फ दर हिवाळ्यात पातळ होत होते. दोघांनी एकमेकांची रीत शिकायची, एकमेकांसाठी उभे राहायचे. पहिले काम नदीकाठी: चाळीस कुटुंबांना पुरात आसरा देणारा एक भक्कम निवारा.

"जागा शोधायची आहे," बाई म्हणाल्या. "तुमचा नकाशा थोडे दिवस मिळेल का?"

आत्याने मला गुंडाळले आणि त्यांच्या हातात ठेवले. त्या वस्तीचा एक जुना रिवाज आहे. ज्याला वाट विचारायची असेल, त्याच्याकडे नकाशा राहतो. वाट सापडली की त्याने तो परत आणायचा. मध्येच मागायचा नाही, कारण मागणे म्हणजे 'तू अजून भरकटलेलाच आहेस' असे तोंडावर सांगणे. आणि तोवर दुसरा नकाशाही काढायचा नाही. दोन नकाशे झाले की दोन नद्या होतात आणि माणसे एकमेकांचे ऐकेनाशी होतात.

बाईंना हा रिवाज ठाऊक नव्हता, आणि आत्याला तो सांगण्याजोगा वाटला नव्हता. त्यांच्या मते मी भेट होतो.

कार्यालयात माझे स्वागत थाटात झाले. जुन्या वस्तू दुरुस्त करणारा एक कसबी माणूस बोलावला गेला. बोटाला कोळसा लागतो हे पाहून त्याचा जीव कळवळला. त्याने माझ्यावर पारदर्शक लेपाचे तीन हात दिले. मी वाळलो, तेव्हा नदी माझ्या अंगात कायमची रुतली होती. मग चौकट आली, काच आली, वरती एक छोटा दिवा आला. पाहुणे येत, माझ्यासमोर उभे राहत, 'अप्रतिम' म्हणत. आयुष्यात प्रथमच माझे कौतुक होत होते, आणि आयुष्यात प्रथमच मी कुणाच्या उपयोगाचा उरलो नव्हतो. काचेत जे दिसे ते पाहणाऱ्याचे स्वतःचेच तोंड. त्याच्या मागे कुठेतरी मी.

तीन पूर आले आणि गेले. नदीकाठी बारा माणसे दर वर्षी चालत राहिली, आणि परत आल्यावर त्यांची पावले उतरवायला कापड नव्हते.

इकडे आराखडा तयार झाला. निवाऱ्याची जागा ठरली ती माझ्यावरून: मधल्या फाट्याच्या पूर्वेचा गवताळ उंचवटा, पाण्यापासून दोनशे पावलांवर. मोजणीसुद्धा झाली होती, पण मी इथे आलो त्याच वर्षी, त्या तीन पुरांच्या आधी. जागेबद्दल वस्तीला पुन्हा विचारावे असे कुणालाच वाटले नाही. त्यांचाच नकाशा भिंतीवर होता ना! मला पाहिले म्हणजे त्यांना विचारले, असा सर्वांचा प्रामाणिक समज. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सर्वांत जड गोष्ट हीच. चूक करणारी माणसे निष्काळजी नव्हती. त्यांनी मला फार जपले होते.

सह्यांचा दिवस उजाडला. कार्यालयाच्या सभागृहात, मी टांगलो होतो त्याच भिंतीसमोर, लांब टेबलावर कागद मांडलेले, खुर्च्यांसमोर पाण्याचे पेले. बांधकामाचे सामान भरलेल्या होड्या धक्क्याला तयार होत्या. दुसऱ्या सकाळी त्या उंचवट्याकडे निघणार होत्या. बर्फाच्या देशातून एक वृद्ध कळपवाला आणि त्याची दुभाषी आली होती. नदीमुखाहून आत्या आली, सोबत भावजय.

दारातून आत येताच आत्याने मला ओळखले आणि ती जागीच थांबली.

"याला काचेत कुणी कोंडलं?"

"आत्या, सुरक्षित राहावा म्हणून," समन्वयक बाई पुढे आल्या. त्यांच्या स्वरात अभिमान होता. "आता शंभर वर्षं काही होणार नाही त्याला."

"शंभर वर्षं?" भावजय हळूच म्हणाली, पण सभागृहाला ऐकू जाईल इतपतच हळू. "आम्ही तिकडे म्हणतोय, तीन वर्षं झाली, बाई अजून भरकटलीच आहे का?"

आत्या माझ्याजवळ आली. आराखड्याच्या कागदावर निवाऱ्याची जागा दाखवणारा तांबडा चौकोन तिने पाहिला, मग माझ्यावरचा उंचवटा. तिचा चेहरा बदलला.

"निवारा इथे बांधताय?"

"हो. तुमच्याच नकाशाप्रमाणे."

"हा नकाशा नाही, बाई. ही तीन वर्षांपूर्वीची नदी आहे. मधला फाटा आता या उंचवट्याला खालून खातोय. गवत वर हिरवंगार दिसतं आणि खाली पोकळ. पुढच्या पुरात तिथे चाळीस घरं झोपलेली असतील तर..." तिने काचेवर टिचकी मारली. "काच काढा. फडका द्या मला."

दुरुस्तीकार धावत आला. "हात नका लावू! फार जुनी वस्तू आहे ही."

"याच्याहून मी जुनी आहे. मला लावणार आहेस का काच?"

कुणीतरी हसले. काच निघाली. आत्याने फडका भिजवला, पिळला आणि आयुष्यभराच्या सवयीच्या हाताने नदीवरून फिरवला. पुन्हा फिरवला. मग नुसत्या तळव्याने घासले. नदी हलली नाही. आत्याने तळवा उलटा करून पाहिला. तो स्वच्छ होता. त्या स्वच्छ तळव्याकडे ती ज्या नजरेने पाहत राहिली, ती मी विसरू म्हणतो आणि विसरू शकत नाही. काठ मोडावा तसे माझ्या आत काहीतरी खचले.

"हे... निघत नाही?" तिने विचारले.

"निघू नये म्हणूनच तर केलं," दुरुस्तीकार पुटपुटला.

टेबलापलीकडून एक अधिकारी घड्याळाकडे पाहत म्हणाले, "बाई, तीन वर्षांची मेहनत आहे. आज सह्या होऊ द्या. जागेचं नंतर किरकोळ बदलात घालू."

"सामान उद्या निघतंय, साहेब," समन्वयक बाई म्हणाल्या. "एकदा पाया घातला की तो किरकोळ राहत नाही."

तेवढ्यात कळपवाला उठला. तो सावकाश बोलत होता आणि दुभाषी त्याच्या मागोमाग.

"ते म्हणतात, आमच्याकडे गोठलेल्या तळ्यावर सुरक्षित वाट दाखवायला बर्फातून तळाच्या चिखलापर्यंत काठ्या रोवतात. हिवाळा सरला की ज्याने रोवल्या त्यानेच त्या उपटायच्या. एका वर्षी एका पाहुण्याला त्या रांगेत फार सुंदर वाटल्या. त्याने विनवलं, म्हणून राहू दिल्या. पुढच्या हिवाळ्यात यांचा भाऊ त्याच काठ्यांच्या भरवशावर गेला. ते म्हणतात, मी सही करायला आलो आहे. पण या रेषेवर नाही करणार."

समन्वयक बाईंनी माझ्याकडे पाहिले. तीन वर्षे त्या मला रोज पाहत होत्या, पण बहुधा आज प्रथमच वाचत होत्या. त्यांनी फोन उचलला.

"धक्क्यावर सांगा, होड्या सोडू नका. जागा चुकली आहे. हो, माझी चूक." मग त्या दुरुस्तीकाराकडे वळल्या. "लेप उतरवता येतो?"

"येतो. पण त्याबरोबर कोळसाही जाईल. सगळी नदी जाईल."

"जाऊ दे की मेलीला," भावजय म्हणाली. "खरी कुठे गेली आहे, ते आम्हाला ठाऊक आहे."

त्याने लेप विरघळवणाऱ्या द्रवाची बाटली आणली, कापसाचे बोळे आणले. तळहाताएवढा एकेक भाग, तोही हळूहळू, असे ते काम. आयुष्यभर वस्तू टिकवणाऱ्याला पहिल्यांदाच टिकवलेले मोकळे करायचे होते. समन्वयक बाईंनी बाह्या वर सारल्या आणि दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. कळपवालाही बसला. थोड्या वेळाने ते घड्याळवाले अधिकारी आपला कोट खुर्चीला अडकवून आले.

"साहेब, टेकडी नका पुसू, ती शिवलेली आहे," आत्या म्हणाली.

"मग ती निघायची नाही ना?"

"नाही. म्हणून तर तुम्हाला ती बाजू दिली."

दुपार उतरेतो माझ्या अंगावर ती राखाडी, मोकळी जागा परत आली. त्या वासात, त्या ओलाव्यात मला माझा श्वास सापडला. मग आत्याने कोळसा घेतला. तीन वर्षांचे चालणे त्या दोघींच्या डोक्यात साठलेले होते, आणि त्याच्याबरोबर वादही.

"इथे दोन फाटे झालेत," भावजय म्हणाली.

"दीड. दुसरा अजून उन्हाळ्यात आटतो."

"दीड फाटा कसा काढतात ते दाखव बरं या पाहुण्यांना!"

आत्याने अर्धी रेषा गडद आणि अर्धी पुसट काढली. कळपवाल्याने मान डोलावली. त्याला ते दुभाषीशिवाय कळले. रेषा खाली सरकत गेली, वळली, आणि तांबडा चौकोन जिथे येणार होता तिथून सरळ पार झाली. मधल्या टेकडीच्या खांद्यावर, तपकिरी टाक्यांना लागून, आत्याने अंगठा टेकवला. "इथे बांधा. इथून पाणी दिसतं, पण पोचत नाही."

सह्या त्या दिवशी झाल्या नाहीत. आधी बाई आणि कळपवाला नदीमुखाशी गेले, टेकडीचा खांदा स्वतःच्या पायांनी चढले, आणि मला माझ्या घरी घेऊन आले. बाईंनी मला आत्याच्या हातात ठेवले आणि म्हणाल्या, "वाट सापडली." रिवाज त्यांना आता समजला होता. करार तिथेच, चटईवर बसून झाला. त्यात एक कलम नव्याने आले: नकाशा पाहुण्यांकडे जाणार नाही, पाहुणे नकाशाकडे येतील, दर वर्षी, पूर ओसरल्यावर, आणि आधी नऊ दिवस चालून. बर्फाच्या देशात तेच काठ्यांबाबत. तिकडे जाऊन काठ्या रोवण्याचा आणि त्याच उपटण्याचा पहिला मान भावजयीला मिळाला. थंडीने तिचे नाक लाल झाले होते म्हणे, तोंड मात्र गोठले नाही.

पुढच्या पुरात तो गवताळ उंचवटा एका सकाळी नदीत गेला. चाळीस कुटुंबे टेकडीच्या खांद्यावरून ते पाहत होती. एका बाईच्या कुशीत आठ दिवसांचे बाळ होते. त्याने ते पाहिले नाही. ते झोपले होते.

मित्रांनो, मी आता विरलो आहे. पुसून पुसून माझा मधला भाग इतका पातळ झाला आहे की उजेडाकडे धरला तर पलीकडचे माणूस दिसते. मला याचे दुःख नाही. आत्याने शेजारी दुसरे शीड भिजत घातले आहे. टेकड्या त्याच्यावर जातील, विहीर जाईल. जाता जाता तुमच्याकडे एकच मागतो. तुमच्याही वर्गाच्या भिंतीवर एखादा नकाशा असेल. तो सुंदर असेल, स्वच्छ असेल. त्याच्यापुढे उभे राहून आधी विचारा, हा कधीचा आहे? आणि मग, त्यात दाखवलेल्या जमिनीवर आज जी माणसे राहतात त्यांना कुणी विचारून आले आहे का? उत्तर कुणाला ठाऊक नसेल, तर पायांत वहाणा घाला आणि निघा.